मीठ, साबण आणि दाढीचं सामान

४ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी तक्रार ऐक. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या मनात काहीतरी आहे. काय आहे ते अजून सापडलेलं नाही, पण आहे. मी सगळी नोकरी परीक्षेचे पेपर तपासण्यात आणि पेपर तपासणाऱ्यांना तपासण्यात घालवली. पोरगा उत्तर आठवतोय की शेजारच्याच्या पेपरात डोकावतोय, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. या वाण्याची मान तशी आहे.

मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की सुरू होतो. ‘या बाई, बसा बाई, गुडघा काय म्हणतोय? शेगडी बंद करून आलात ना?’ माझी शेगडी, माझा गॅस. याला काय करायचंय? शिवाय बिस्किटं कायम मऊ पडलेली देतो. तोंडावर दाखवली की म्हणतो, ‘हवा दमट आहे बाई.’ हवा काय फक्त याच्याच दुकानात शिरते?

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात हा स्वतः जिना चढून वर आला. म्हणाला, ‘तुम्ही नेलेलं मीठ परत द्या, कारखान्याने सगळा माल परत मागवलाय.’ मीठ खराब झाल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. मी काही बोलायच्या आत कपाट उघडून त्याने पिशवी भरून नेलीसुद्धा. एका पुड्याला एवढी मोठी पिशवी कशाला लागते, सांग बघू? वर जाताना म्हणतो, ‘नवीन पुडा ठेवलाय, हा चांगला आहे.’ चव बघितली. खारटच होता, आधीसारखाच.

खाली कपडे शिवणारी शिंपीण राहते ना, ती सांगते की मी दुकानातून बाहेर पडले की हा फोन कानाला लावतो. कोणाशी बोलतो? काय सांगतो? पाणी कुठेतरी मुरतंय, भिंगरे.

तू म्हणशील, मग दुसरीकडे जा. मोठ्या रस्त्यावर ते नवं भलंमोठं दुकान झालंय, तिथे एकदा गेले होते. वस्तू आपणच उचलायची, आपणच यंत्रासमोर धरायची, मग यंत्र टुंई करतं. कोणी बोलत नाही. भांडायचं कोणाशी? बसायला साधं स्टूल नाही. हा गोडबोल्या निदान मी आले की फडक्याने स्टूल पुसून पुढे करतो. तेही मला संशयास्पदच वाटतं, पण बसते मी. रोज जाते. गेल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

फोन करू नकोस. फोनवर मला तुझं अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरते आणि मग आपलं भांडण होतं. लिहीत जा. आणि मागच्या वेळेसारखं ‘आता इकडेच ये’ हे पालुपद लावू नकोस. आपला करार तुझ्याही लक्षात आहे, माझ्याही. ज्या दिवशी मला माझं घर सांभाळता येणार नाही, त्या दिवशी मी एक शब्द न बोलता तुझ्याकडे येईन. तो दिवस आलेला नाही. ही खिडकी, हे टेबल आणि ही खुर्ची मला पुरते. तुझा बाप गेल्यापासून मला तू एकटीच आहेस, म्हणून तर तुझ्या दारात ओझं होऊन यायचं नाही.

आता आशीर्वाद.

आत्या

•

१३ मार्च

माझ्या तक्रारखोर आत्या,

पत्र वॉर्डात वाचलं आणि एकटीच हसत सुटले. समोरच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, ‘सिस्टर, कोणाचं पत्र?’ मी म्हटलं, एका गुप्तहेराचं.

अगं, किती संशय घेशील त्या बिचाऱ्यावर? वाणीच तो, गिऱ्हाइकाशी गोड नाही बोलणार तर काय भांडणार? कारखाने माल परत मागवतात, हल्ली सर्रास होतं. आणि शेगडीचं विचारतो यात वाईट काय? चांगला माणूस आहे. फोनवर बोलत असेल घाऊक व्यापाऱ्याशी. तू चहा बदललास तेवढं बरं केलंस, तो जुना फार कडवट होता.

तुझ्या कराराबद्दल मी काही बोलत नाही. फक्त माझी बाजू समज. माझ्या वॉर्डात एकट्या राहणाऱ्या बायका येतात. कोणी न्हाणीघरात पडून राहिलेली असते, कोणी गॅस सुरू ठेवून झोपलेली. ‘मी ठीक आहे’ असं त्या सगळ्याच म्हणत होत्या. मी त्यांची चादर बदलते आणि मला तू दिसतेस. म्हणून पूर्वेकडची खोली रिकामी करून रंगवून घेतलीय. खिडकीखाली टेबल ठेवलंय, तुझ्यासारखंच. बस, एवढंच. पालुपद नाही.

वाढदिवसाची दोन्ही कार्डं मिळाली! दोन्ही सारखीच, आतला मजकूरही शब्दन् शब्द सारखा. नवरा म्हणतो, ‘एक तुझं आणि एक माझं. जावयाचे लाड आहेत.’ त्याने त्याचं कार्ड माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

तुझी भिंगरी

•

२० मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर चांगलं आहे, घाईत अनुस्वार सोडतेस.

चहा छान आहे. तू विचारलंस म्हणून सांगते.

कार्ड मी एकच पाठवलं होतं. दोन कशी गेली ते पोस्टालाच विचारायला हवं. सध्या कोणावर विश्वास ठेवावा असं राहिलेलं नाही. जावईबापूंना सांग, त्यांना वेगळं कार्ड हवं असेल तर त्यांनी स्वतःच्या वाढदिवसाची वाट पाहावी.

काल गोडबोल्या पुन्हा आला होता. या वेळी साबण परत मागवला म्हणे कारखान्याने. पुन्हा पिशवी भरून. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून त्याला खाली जाताना बघितलं. मान तशीच, खाली घातलेली. पण तू म्हणतेस चांगला माणूस आहे, तर असेल. तुझा त्याच्यावर एवढा विश्वास, मग मी कोण शंका घेणारी?

उद्या त्याच्याकडे जरा निराळी खरेदी करणार आहे. सावकाश लिहीन.

आत्या

•

३ एप्रिल

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. वॉर्डात दोघीजणी रजेवर, त्यामुळे मी नावाप्रमाणे भिंगरीसारखी फिरतेय.

तुझं मागचं पत्र फार शहाण्यासारखं होतं, त्यामुळे मला जरा काळजीच वाटली. बरी आहेस ना? आणि ती निराळी खरेदी कसली? तू तर नेहमीचंच घेतेस. चहा, बिस्किटं, तांदूळ. एवढ्यावर कसं भागणार? फळं घेत जा. अंडी घेत जा. गुडघ्याला तो पट्टा बांधतेस ते चांगलं, पण चालताना बांध, बसल्यावर सोड.

इकडे खोलीचा रंग वाळला. जावयाने दाराला घंटी लावलीय, तुझ्या उशापाशी दोरी येईल अशी. सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तुझी भिंगरी

•

९ एप्रिल

भिंगरे,

बस झालं सोंग. आता मी बोलते आणि तू ऐक.

मी तुला चहा बदलल्याचं लिहिलं नव्हतं. तुझं तेरा तारखेचं पत्र वाचून झालं आणि मी उठून कपाटातला चहाचा डबा पाहिला. चहा मी खरंच बदलला होता. ते दोघांनाच ठाऊक होतं: मला आणि वाण्याला. गुडघ्याचा पट्टाही त्यालाच ठाऊक, कारण तो त्यानेच मागवून दिला. म्हणजे शिंपीण म्हणते तो फोन तुला जातो. तू माझ्यावर हेर बसवलास. आपला करार झाला तेव्हा मी दिवस ठरवणार असं ठरलं होतं. तू मात्र वाण्याकडून माझे गुण मागवतेस!

पण तेवढ्यावर मी कोणाला दोषी ठरवत नाही. पोरांनाही ठरवलं नाही कधी. आमच्याकडे कॉपी कशी पकडायचे, आठवतं? लहानपणी तुला सांगत असे. दोन पेपरांत बरोबर उत्तर सारखं आलं तर काहीच सिद्ध होत नाही, दोघांनाही येत असेल. पण चूक सारखी आली की समजायचं, एकाने दुसऱ्याचं पाहिलं. म्हणून मी एक चूक पेरली. एकवीस तारखेला दुकानात गेले आणि मोठ्याने, चारचौघांत, दाढीचं सामान मागितलं. वस्तरा, फेस करायचा साबण, ब्रश आणि पुरुषांच्या मोज्यांचे दोन जोड. गोडबोल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, ‘चांगला ब्रश द्या, केस गळणारा नको.’ मग घरी येऊन वाट पाहत बसले. म्हटलं, आता भिंगरीचं पत्र येईल, ‘आत्या, घरात कोण पुरुष आलाय?’

तुझं पत्र आलं. त्यात दाढी नाही, मोजे नाहीत. ‘तू तर नेहमीचंच घेतेस.’

तेव्हापासून मला झोप लागत नाही. तू लपवलंस असं म्हणावं तर तुझ्या पोटात काही राहत नाही, ते मला तुझ्या बोबड्या वयापासून माहीत आहे. तू काहीतरी ऐकलं असतंस तर पहिल्याच ओळीत किंचाळली असतीस. म्हणजे हा गोडबोल्या माझं तुला सांगतो, पण जसंच्या तसं सांगत नाही. माझा पेपर मधेच दुरुस्त करून तुझ्याकडे पाठवतो. असला प्रकार मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. कॉपी करणारे पाहिले, पेपर फोडणारे पाहिले. दुसऱ्याचा पेपर गुपचूप नीट करून देणारा पाहिला नाही. कशासाठी करतो? आणि आणखी काय काय दुरुस्त केलंय याने?

तुझ्यावर रागावले आहे. पत्र लिही.

आत्या

•

१६ एप्रिल

आत्या,

हो. मी फोन करते त्याला. दर रविवारी, तू दुकानातून गेलीस की तो मला मिस्ड कॉल देतो आणि मी लावते. गेल्या वर्षी तू जिन्यात पडलीस आणि मला आठवड्याने कळलं, तेव्हापासून. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस. मग विचारलंच नाही. चूक केली, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. घे, रागाव.

पण दाढीचं सामान? तो मला म्हणाला, ‘बाई एकदम ठणठणीत आहेत, नेहमीसारखं चहा-बिस्किटं घेऊन गेल्या, माझ्याशी भांडल्या.’ दर रविवारी हेच. मी खुश व्हायचे. आता तुझं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं आणि ते वेगळंच दिसायला लागलं. एक परका माणूस तुझ्या घरात शिरतो, कपाट उघडतो, पिशव्या भरून सामान नेतो, आणि मला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगतो! आधी मीठ, मग साबण. उद्या काय? मीच त्याला तुझ्या घरात घुसवलं, मीच त्याला चांगला माणूस म्हटलं. तू पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस, आत्या. त्याच्या मनात काहीतरी आहे.

त्याला मी काही विचारलेलं नाही. विचारलं तर सावध होईल. तूही त्याच्याशी एक शब्द बोलू नकोस, दुकानात जाऊ नकोस, दार लावून घे. मेच्या पहिल्या शनिवारी मी आणि तुझा जावई गाडी घेऊन येतोय. मोठी गाडी, टेबलसुद्धा मावेल. कराराचं म्हणशील तर मी ठरवलं, तो दिवस आला. त्या माणसाच्या शेजारात तुला एकटीला मी ठेवणार नाही.

तुझी भिंगरी

ता. क. आणि खरंच सांग, दाढीचं सामान म्हणजे नुसता सापळाच होता ना?

•

२२ एप्रिल

भिंगरे,

बोलू नकोस म्हणालीस म्हणून लगेच गेले.

सकाळची गर्दी ओसरल्यावर गेले. मनात सगळे प्रश्न क्रमाने लावले होते, तोंडी परीक्षेला लावावेत तसे. पायरी चढता चढता म्हटलं, ‘आधी एक मिठाचा पुडा द्या. मग मला तुमच्याशी बोलायचंय.’

त्याने मीठ काढलं नाही. स्टूलही पुसलं नाही. मान खाली घालून काउंटरवरून फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘बाई, पिशवीत बघा.’

‘माझ्या पिशवीत काय बघायचंय?’

‘बघा तर खरं.’

पिशवी माझ्या हातातच होती. आत मिठाचे दोन पुडे होते.

‘एक दुकान उघडल्या उघडल्या नेलात,’ तो म्हणाला. ‘दुसरा मघाशी.’

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? यानेच टाकले. हातचलाखी. तसं मी त्याला म्हटलंही, तोंडावर. तो भांडला नाही. त्याचंच मला भय वाटलं. मऊ बिस्किटांवरून दमट हवेला साक्षीला बोलावणारा हा माणूस पुन्हा पिशवीकडेच बोट दाखवत होता. मग मी पिशवीत पुन्हा पाहिलं. पुड्यांवर माझा रुमाल ठेवलेला होता, कोपरे आत दुमडून. अशी घडी माझ्याशिवाय जगात कोणी घालत नाही. मीठ मीच ठेवलं होतं आणि वर रुमाल मीच ठेवला होता. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आत्ताही आठवत नाही.

तेव्हा त्याने स्टूल पुसलं. मी बसले.

मग एकेक बाहेर आलं. कारखान्याने मीठ मागवलंच नव्हतं. साबणही नाही. मी रोज मीठ नेत होते, रोज पहिल्यांदा नेल्यासारखं. नाही दिलं तर मी दुकान डोक्यावर घेते, म्हणून तो देत होता, आणि कपाट भरलं की खोटी गोष्ट सांगून परत आणत होता. शेगडीचं का विचारतो? एकदा मी दूध तापत ठेवून दुकानात येऊन बसले होते. शिंपिणीला वास आला, तिने वर जाऊन बंद केली. मला दोघांनीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणे, ‘तुम्ही आमच्यावरच संशय घेतला असता.’

घेतला असता.

‘आणि ते दाढीचं सामान?’ मी विचारलं.

त्याने कपाळावर हात मारला. ‘त्या दिवशी मी घाबरलोच, बाई. म्हटलं, झालं, आता पार गेलं यांचं. भाचीबाईंना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात. म्हणून म्हणालो, नेहमीसारखं चहा-बिस्किटं.’

भिंगरे, मी हसले. दुकानात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते नुसतं पाणीच राहिलं. त्या सबंध महिन्यात पूर्ण शुद्धीत, विचार करून केलेली माझी ती एकच खरेदी. तीच त्याला वेडाची वाटली. आणि शहाण्यासारखी वाटणारी मिठाची खरेदी, ती…

त्याला देवमाणूस समजू नकोस. मी विचारलं, ‘तुम्ही कशाला एवढं केलंत?’ तर म्हणाला, ‘सगळे येतात, बोट दाखवतात, जातात. तुम्ही एकट्याच भांडता. शिवाय तुम्ही गेलात की शिंपीणबाई त्या मोठ्या दुकानात जायला लागतील. त्या तुमच्या सोबतीनेच येतात.’ म्हणजे यात धंदाही आहे. बिस्किटं शिळी असतात हेही कबूल केलं. ‘तुम्ही चहात बुडवून खाता, म्हटलं तुम्हाला चालतील.’ याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तुझ्या पत्रातली दोन कार्डं आता मला समजली. पोस्टाची माफी मागायला हवी.

मला भीती वाटते, भिंगरे. पडायची नाही, मरायची तर नाहीच. एक दिवस मीच माझ्या हातातलं कोणी ठेवलं ते ओळखणार नाही, याची भीती वाटते. तुझ्या रंगवलेल्या खोलीत ही भीती कमी होणार नाही. तिथे मला दार कुठे आहे तेही नव्याने शिकावं लागेल. इथे पाय आपोआप दुकानाकडे जातात, डोकं नाही गेलं तरी.

करार मी मोडत नाही. तू म्हणशील, घर सांभाळता आलं नाही, नापास. खरं आहे. या वर्षीचा पेपर माझा मी लिहिलेला नाही. पण एक ऐक. आमच्याकडे ज्याचा हात चालत नाही अशा मुलाला लेखनिक देत. मूल उत्तर सांगतं, लेखनिक लिहितो. ती कॉपी नव्हे, कारण ती सगळ्यांसमोर, मंडळाची परवानगी घेऊन चालते. वाण्याने केलं ते चोरून केलं, म्हणून ती कॉपी. तेच उघड झालं तर तो माझा लेखनिक. मला परवानगी दे. ज्या दिवशी लेखनिक म्हणेल की आता बाई उत्तरच सांगत नाहीत, त्या दिवशी गाडी आण. मी टेबलसुद्धा मागणार नाही.

आत्या

•

२९ एप्रिल

आत्या,

मी त्याला काय काय म्हटलं होतं मनात! काल फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, ‘असू द्या भाचीबाई, सवय आहे, शेवटी बाईंच्याच घरातल्या आहात.’

आता खरं खरंच बोलायचं ठरलंय, म्हणून तुला सांगते. तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ते घेऊन न्हाणीघरात जाऊन रडले. बुधवारी ते पुन्हा मिळालं. त्यावर चोवीस तारीख आहे. तू ते पत्र दोनदा लिहिलंस, आत्या. दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्याची तुला आठवण नव्हती, हे पहिल्या ओळीवरूनच कळतं.

मी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि तू शिकवलंस तशी तपासली. बरंच वेगळं आहे. पहिल्यात तू हसलीस, दुसऱ्यात हसण्याचं नाव नाही. रुमालाचं पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात एक ओळ जास्त आहे: ‘माणूस वाईट नाही, बिस्किटं वाईट आहेत.’ पण शेवट दोन्हीकडे एकच. लेखनिक, परवानगी, टेबलसुद्धा मागणार नाही. शब्दसुद्धा तेच. आणि सूत्र तुझंच आहे: चूक सारखी आली तर संशय घ्यायचा, बरोबर उत्तर सारखं आलं तर ते येतंय असं समजायचं. मला ते पाठ आहे. दोन वेगळ्या दिवशी, एकमेकांत न डोकावता, तू तेच उत्तर लिहिलंस. मी त्यावर लाल रेघ कशी मारू?

परवानगी आहे. अटी ऐक. आपोआप बंद होणारी शेगडी मी आणतेय, तिला नावं ठेवायची नाहीत. आमच्या डॉक्टरांना दाखवायचं, कुरकुर चालेल, टाळाटाळ नाही. घराची एक किल्ली शिंपीणबाईंकडे. रविवारचा फोन सुरू राहील, पण तू समोर स्टुलावर बसलेली असताना, आणि त्याने जे आहे ते मोठ्याने, तुला ऐकू जाईल असं सांगायचं. तू मधे भांडू शकतेस. त्याने एकदाही काही झाकलं तर परवानगी रद्द, हे मी त्यालाही बजावलंय. पूर्वेची खोली तशीच राहील. तिला कुलूप नाही.

शनिवारी मोठी गाडी नाही. मी बसने येते, एक पिशवी घेऊन. ते दाढीचं सामान टाकू नकोस, जावयाला हवंय.

दुसरं पत्र परत पाठवू का, असं मनात आलं होतं. नाही पाठवत. दोन्ही माझ्या कपाटात, त्या दोन कार्डांशेजारी ठेवलीत. कारखान्याने परत मागवली तरी देणार नाही.

तुझी भिंगरी